कापडाची भिंत पुरते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं एक कुटुंब येत्या ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात चार रात्री राहणार आहे. सोबत 72 वर्षांचे वडील, 68 वर्षांची आई आणि दहा वर्षांची मुलगी. एजंटने टेंटेड कॅम्प सुचवलाय. बाबांचं म्हणणं, सिंहाच्या राज्यात कापडाच्या भिंतीआड झोपायला मी काही वेडा नाही. आईंना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. घर शाकाहारी. तर तंबू घ्यावा की पक्क्या खोल्यांचा लॉज?

मी 2007 पासून दरवर्षी निदान एकदा तरी मारात गट घेऊन जाते. माझ्या गटांत साठीच्या पुढचेच लोक जास्त असतात, कारण नोकरी, घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं आटोपल्यावरच आपल्याकडे आफ्रिका सुचते. तेव्हा बाबांचं वाक्य मला नवीन नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: तंबूच घ्या. पण कुठला, ते ठरवताना एजंटने पाठवलेले फोटो बाजूला ठेवा. बाथटब केवढा आहे आणि पलंगावर टॉवेलचा हत्ती केलाय की नाही, यावरून काहीच कळत नाही. कॅम्प कुठे उभा आहे, त्या कॅम्पात तुमचा तंबू कुठे आहे आणि अंधार पडल्यावर तिथली माणसं कशी वागतात, हे तीन मुद्दे बघा. बाकी सगळं त्यानंतर.

तंबू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एनसीसीचा कॅम्प येतो. मारातला कायमस्वरूपी कॅम्प तसा नसतो. लाकडी किंवा काँक्रीटचा चौथरा, त्यावर जाड कॅनव्हासचा उंच तंबू, त्याच्याही वर ऊनपाऊस अडवायला वेगळं छप्पर. आत खरेखुरे पलंग, मच्छरदाणी, आणि मागच्या बाजूला तंबूतूनच जाता येईल असं फ्लशचं संडास, बेसिन आणि शॉवर. पुढे दोन खुर्च्यांचा व्हरांडा. दरवाजा म्हणजे चेन. ही चेन वर-खाली अशा दोन-तीन जागी जोडलेली असते आणि ती नीट लावणं हेच तुमचं कुलूप. दुसरा प्रकार मोबाइल कॅम्पचा. हंगामापुरता उभा राहतो आणि नंतर उचलला जातो. तिथे बहुधा बादलीचा शॉवर असतो: तुम्ही आतून आवाज द्यायचा, बाहेरचा माणूस गरम पाण्याची बादली दोरीने वर चढवतो आणि तेवढ्यात अंघोळ उरकायची. मला तो प्रकार मनापासून आवडतो, पण तुमच्या आईंसाठी नको.

आता बाबांच्या सिंहाकडे येऊ. बाबा वाचणारे असतील तर त्यांच्या डोक्यात त्सावो असणार. 1898 साली त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन आयाळ नसलेल्या सिंहांनी मजुरांना रात्री तंबूंतून ओढून नेलं, हे खरं आहे. त्या मजुरांत आपल्याकडून, मुख्यत्वे पंजाबातून, नेलेले कितीतरी होते. ही गोष्ट मी दडवत नाही, कारण विचारलं जातंच. पण त्या काळी पूर्व आफ्रिकेत बुळकांडीच्या साथीने गुरं आणि रानम्हशी सरसकट मेल्या होत्या, सिंहांचं नेहमीचं खाणंच नाहीसं झालं होतं. त्यातल्या एका सिंहाचा जबडा आणि दात बिघडलेले होते, हे त्याच्या कवटीवरून अभ्यासकांनी दाखवून दिलंय. ऑगस्टमधल्या मारात परिस्थिती नेमकी उलटी असते. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट (हरणांच्या जातीचे मोठे प्राणी) आणि झेब्रे आलेले असतात. सिंहाला खाणं शोधावंच लागत नाही.

राहता राहिलं कापड. बंद तंबू प्राण्याला एक अखंड वस्तू दिसते, मोठ्या दगडासारखी. ती फाडून आत काय आहे ते बघावं, असं त्याला सहसा वाटत नाही. हा 'बंद' शब्द मात्र महत्त्वाचा. उकडतंय म्हणून, चांदणं बघायचंय म्हणून किंवा बाहेर पाय काढून फोटो काढायचाय म्हणून चेन उघडी टाकून झोपलात, तर त्या दगडाला तोंड फुटलं. जाळीच्या खिडक्या उघड्या चालतात, दरवाजा नाही. बाबांना एवढं एक पटलं की बाकीचं आपोआप पटतं.

खरं सांगायचं तर मला कॅम्पात भीती वाटते ती सिंहाची नाही, पाणघोड्याची. दिवसभर तो नदीत बुडून असतो आणि अंधार पडला की चरायला वर येतो. एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातो आणि त्यासाठी नेहमीच्या वाटांनी बराच लांब जातो. नदीकाठचे कॅम्प याच वाटांच्या आजूबाजूला असतात. पाणघोडा तुमच्या अंगावर यायला निघालेला नसतो, पण तुम्ही त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहिलात की त्याला पाण्याकडे जायला तुमच्यातूनच वाट दिसते. म्हणून संध्याकाळी सहा-साडेसहानंतर तंबूबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. जेवायला जायचं असेल तर टॉर्चने खूण करायची, शिट्टी वाजवायची किंवा रेडिओवर बोलायचं. प्रत्येक कॅम्पाची रीत वेगळी असते आणि पहिल्याच दिवशी सांगतात. मग अस्करी येतो. अस्करी म्हणजे पहारेकरी, बहुधा जवळच्याच गावातला मसाई जमातीचा माणूस, हातात टॉर्च आणि काठी किंवा भाला. हा शब्द अरबीतून स्वाहिलीत आला आणि आपल्या 'लष्कर'चा तो नातेवाईकच. तो पुढे, तुम्ही मागे. तो थांबला की थांबायचं, आणि का थांबलो ते विचारायचं नाही.

एका वर्षी आमच्या गटातल्या एका काकांना जेवणानंतर चष्मा आठवला. तंबू तर हा काय, पन्नास पावलांवर. ते अस्करीला न सांगता निघाले. अर्ध्या वाटेत त्यांना एक काळा खडक दिसला आणि दुपारी हा खडक इथे नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं. सुदैवाने ते जागच्या जागी गोठले आणि खडक फुरफुरत दुसऱ्या बाजूने निघून गेला. पुढचे तीन दिवस काका दिवसाढवळ्यासुद्धा अस्करी मागत होते.

हे सगळं सोपं व्हायला तंबूची जागा कामी येते. आमच्या एका सहलीत एका कॅम्पाने गटातल्या सगळ्यात वयस्क जोडप्याला 'सगळ्यात छान व्ह्यू' म्हणून टोकाचा तंबू दिला. जेवणाच्या जागेपासून तो इतका लांब की चढउतार करून जाता-येता दहा-दहा मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून आजी रात्रीच्या जेवणालाच येईनात. तेव्हापासून मी बुकिंगच्या पत्रातच लिहून घेते: ज्येष्ठांचा तंबू जेवणाच्या मंडपाजवळ, पायऱ्या कमी आणि त्याला लागून मुलांचा तंबू. व्ह्यूचं काय, दिवसभर गाडीत बसून व्ह्यूच बघायचाय.

आईंच्या रात्रीच्या उठण्याची काळजी करू नका. संडास तंबूच्या आतच असल्याने बाहेर जायचा प्रश्नच नाही. प्रश्न उजेडाचा असतो. बरेचसे कॅम्प सौर बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालतात आणि जनरेटर रात्री दहा-साडेदहाला बंद होतो. मग जो अंधार होतो, तो आपण शहरातले लोक विसरलोय. पलंगाच्या बाजूला हात लांबवला की सापडेल असा छोटा दिवा ठेवा आणि कपाळाला लावायची बॅटरी प्रत्येकाला एक घ्या, नाहीतर वाटणीवरून भांडणं होतात. फोन आणि कॅमेऱ्याचं चार्जिंग जनरेटर चालू असतानाच उरकायचं. कधी कधी ते ऑफिसच्या तंबूत एकाच बोर्डावर करावं लागतं. प्लग तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा. आपला बसत नाही. गरम पाण्याच्याही वेळा ठरलेल्या असतात. बाबा पहाटे पाचला अंघोळ करणारे असतील तर चार दिवस नियम मोडावा लागेल. आईंना सीपॅपसारखं, झोपेत श्वासाला मदत करणारं, रात्रभर चालणारं यंत्र लागत असेल तर कॅम्प निवडण्याआधीच कळवा. ते चालवता येणारे कॅम्प आहेत, पण सगळे नाहीत.

थंडीचा मुद्दा कुणी विचारत नाही आणि तिथे गेल्यावर सगळे माझ्यावर चिडतात. मारा विषुववृत्ताच्या जवळ असला तरी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून उंच. ऑगस्टच्या पहाटे दहा-बारा अंशांत छत उघडलेल्या गाडीत उभं राहायचं असतं. स्वेटर, वाऱ्याचं जाकीट आणि कानटोपी हवीच. दुपारी बारा वाजता मात्र टीशर्ट. रात्री तुम्ही जेवायला गेलात की कॅम्पाची माणसं पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून जातात. तिकडे तिला लाडाने 'बुश बेबी' म्हणतात. हे आईंना आधी सांगून ठेवा. मी एकदा सांगायचं विसरले आणि रात्री साडेनऊला शेजारच्या तंबूतून अशी किंकाळी आली की दोन अस्करी धावत गेले. पांघरुणात पायाला काहीतरी ऊबदार, मऊ लागलं होतं.

चोर मात्र असतात. वर्व्हेट माकडांना स्वाहिलीत तुंबिली म्हणतात, आणि चेन कशी उघडायची हे त्या जमातीला पुरतं ठाऊक आहे. बाहेर जाताना चेनच्या दोन टोकांना कॅम्पाने दिलेला आकडा किंवा छोटी कडी अडकवा. आता आपली मराठी सवय. आपण बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू, चकल्या असं सगळं भरतो. जरूर न्या, पण तंबूत ठेवू नका. पोहोचल्याबरोबर डबा मॅनेजरकडे द्या आणि चहाच्या वेळी मागून घ्या. वासावर माकडं येतात, रात्री उंदीर, आणि त्यांच्या मागे इतर कोण. एका घरच्या लाडूंचा डबा झाडावर बसून संपवताना माकडाला मी स्वतः पाहिलंय. झाकण फिरकीचं होतं.

शाकाहाराची काळजी इथे फारशी लागत नाही, हे ऐकून आईंना बरं वाटेल. केनियात गुजराती समाज शंभर वर्षांहून अधिक काळ आहे, त्यामुळे जैन जेवण म्हणजे काय हेसुद्धा चांगल्या कॅम्पाच्या आचाऱ्याला माहीत असतं. तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणातच चपाती आहे, नावासकट. हिरव्या मुगाच्या उसळीला ते 'न्देंगू' म्हणतात, कोबीच्या जातीच्या पालेभाज्या 'सुकुमा विकी' नावाने रोज होतात आणि चहा आपल्यासारखाच दूध घालून उकळतात. पहाटे साडेपाचला एक माणूस तंबूबाहेर येऊन हळूच 'जाम्बो' म्हणतो (कापडावर टकटक कशी करणार?) आणि चहा-बिस्किटांचा ट्रे ठेवतो. तो आत घेतल्याशिवाय बाथरूममध्ये जाऊ नका. तुंबिलीही चहाची वाटच बघत असतात.

एक गंमत. गाइडशी वेळ ठरवताना घड्याळ कुठलं ते विचारा. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक आणि सकाळचे सहा म्हणजे बारा. पाहुण्यांशी बोलताना ते आपलंच घड्याळ वापरतात, पण आपापसात नाही. पूर्वी आपणही सूर्योदयापासून घटका मोजत होतोच की.

आता जागेबद्दल, म्हणजे खऱ्या खर्चाबद्दल. मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्य सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनींवर उभी राहिलेली कॉन्झर्व्हन्सी नावाची संरक्षित क्षेत्रं आहेत: मारा नॉर्थ, नाबोईशो, ओलारे मोटोरोगी, ओल किन्येई अशी. या दोहोंमध्ये कुंपण नाही, प्राणी इकडून तिकडे जातात. तुमच्यासमोर तीन पर्याय येतील. सेकेनानी किंवा तालेक दरवाज्याबाहेरचे कॅम्प स्वस्त, आजूबाजूला गाव आणि दुकानं, काहींना विजेचं कुंपण. अभयारण्याच्या आतले कॅम्प नदीच्या आणि प्राण्यांच्या जवळ, बहुधा कुंपण नसलेले. आणि कॉन्झर्व्हन्सीतले कॅम्प महाग, पण शांत. तिथे किती तंबू उभे करायचे यावर मर्यादा असते, एका प्राण्याभोवती गाड्या मोजक्याच थांबू देतात, आणि जमिनीचं भाडं मसाई मालकांना मिळतं. रात्रीची सफारी आणि गाइडबरोबर पायी फिरणंही तिथेच शक्य आहे. अभयारण्यात अंधार पडायच्या आत गाडी कॅम्पात परतलीच पाहिजे.

पैशांचा हिशेब करताना प्रवेशशुल्क विसरू नका, एजंट ते कधी कधी कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात टाकतात. 2024 पासून परदेशी प्रौढांसाठी अभयारण्याचं शुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झालं. आणि तिकीट पूर्वीसारखं चोवीस तासांचं नसून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं आहे. तुम्ही ऑगस्टमध्ये चार प्रौढ आणि एक मूल आहात. दरवाज्याबाहेरचा स्वस्त कॅम्प घेतलात तरी आत जायच्या प्रत्येक दिवसाचे हे पैसे लागणारच. म्हणून मी तुमच्यासारख्यांना दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन रात्री अभयारण्यात, नदीच्या जवळ, असं सुचवते. सामान एकदा हलवावं लागतं, पण आत जायचे दिवस कमी होतात आणि दोन वेगळे मारा बघायला मिळतात.

ताडोबाला गेला असाल तर एक फरक सांगते. तिथे मुक्काम बहुधा दरवाज्याबाहेर, सकाळी आत जायचं, ठरलेल्या वेळेला बाहेर यायचं. वाघ आत, आपण बाहेर. मारात ती सीमाच नाही. तुम्ही दात घासत असता आणि समोर जिराफ उभा असतो.

दहा वर्षांच्या मुलीसाठी दोन गोष्टी आधी विचारून घ्या. एक, कॅम्पाची वयाची अट. काही जण सहा वर्षांखालच्या तर काही बारा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. दोन, तीन पलंगांचा तंबू किंवा दोन खोल्या आतून जोडलेला फॅमिली तंबू आहे का. मूल वेगळ्या तंबूत नको, आणि रात्री आजीच्या तंबूतून आईच्या तंबूत पळत जाणं तर अजिबात नको. बाकी मुलांना मारा पटकन जमतो. मोठेच 'सिंह कुठाय, सिंह कुठाय' करत कंटाळतात, मुलं शेणकिड्यात रमतात.

नैरोबीहून मारात जायचे दोन मार्ग आहेत. गाडीने सेकेनानीपर्यंत पाच-सहा तास, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा आणि नारोकला चहा. डांबरी रस्ता आता सेकेनानीपर्यंत चांगला आहे, पुढे आत मात्र खडबडाट, ज्याला ड्रायव्हर हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर निदान एका बाजूने तरी विमान घ्या. विल्सन विमानतळावरून छोटी विमानं पाऊण तासात पोहोचवतात. ती एसटीसारखी एकेका धावपट्टीवर थांबत, माणसं उतरवत जातात, आणि धावपट्टीवर झेब्रे असले तर आधी एक घिरटी घालून त्यांना हाकलतात. सामान माणशी 15 किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटात मावत नाही. गाडीबद्दल आग्रह धरायचा तर लँड क्रूझरचा धरा. ऑगस्टमध्येही मारात दुपारी पाऊस कोसळू शकतो, आणि तिथली बरीचशी जमीन म्हणजे काळी माती, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच. ओली झाली की चिकट आणि निसरडी. आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. व्हॅन त्यात रुतते आणि मग गाइड वाटेकडे बघत बसतात.

सामान भरताना प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. आपण प्रत्येक कपड्याचा जोड, चप्पल, औषधं वेगवेगळ्या पिशव्यांत बांधतो. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि जून 2020 पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवरही, पाण्याच्या बाटल्यांसकट. जुन्या साडीच्या पिशव्या शिवून घ्या, स्टीलच्या बाटल्या घ्या. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच अडकेल. कपडे फिके, मातकट रंगाचे. काळा आणि गडद निळा रंग त्सेत्से नावाच्या चावऱ्या माशीला आवडतो. मारात तिचा उपद्रव कमी आहे, पण झाडीत भेटते.

सफारीला गेल्यावर लघवीचं काय, हे बायका मला बाजूला घेऊन विचारतात, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते. नदी ओलांडणारे विल्डबीस्ट बघायचे तर काठावर दोन-तीन तास बसावं लागतं आणि तिथे संडास नसतो. सकाळचा चहा अर्धा कप घ्या, पण पाणी बंद करू नका. ज्येष्ठांनी पाणी तोडलं की दुपारी चक्कर येते. अडलं तर गाइडला सरळ सांगा. तो मोकळी, गवत आखूड असलेली जागा शोधतो, चारी बाजूंनी नीट बघून घेतो, मग गाडीच्या मागे जायचं. स्वाहिलीत याला 'कुचिंबा दावा' म्हणतात, म्हणजे औषध खणायला जाणं. आमच्या गटांत तो शब्द पहिल्याच दिवशी रुळतो, आणि लाज निम्मी कमी होते. कागद मागे टाकायचा नाही, सोबत आणायचा.

तब्येतीबद्दल एक गोष्ट आजच करा, कारण तिला वेळ लागतो. केनियाहून भारतात परतताना यलो फीव्हरच्या लसीचा दाखला लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि पुढे आयुष्यभर चालतो. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ती देत नाहीत. म्हणून तिकिटं पक्की करण्याआधी आईबाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे आणि मग सरकारमान्य लसीकरण केंद्रात न्या. मी दोनदा असं पाहिलंय की विमानाचं तिकीट आधी निघालं आणि लस नंतर नाकारली गेली. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा; उंचीमुळे डास कमी असले तरी मलेरिया आहे. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे. व्हिसा आता नाही, जानेवारी 2024 पासून त्याऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी, काढावी लागते.

विमा घेताना 'मेडिकल इव्हॅक्युएशन' आहे ना, हे वाचून बघा. मारातून गंभीर रुग्णाला हलवायचं म्हणजे विमानानेच. नैरोबीची ॲम्रेफ ही संस्था 1957 पासून हे काम करते आणि तिचं पाहुण्यांसाठीचं सभासदत्व अनेक कॅम्प त्यांच्या दरातच देतात. तुमचा कॅम्प देतो का, ते विचारा. स्वाहिलीतही विम्याला 'बिमा'च म्हणतात. आईबाबांची रोजची औषधं दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, चार दिवस जास्तीची. जवळचं औषधाचं दुकान काही तासांवर असतं.

एवढं सगळं केल्यावर बाबांना मी एक गोष्ट द्यायला सांगेन: पहिली रात्र. जनरेटर बंद झाला की दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. आधी काहीच ऐकू येत नाही. मग नदीतून पाणघोड्यांचं हसल्यासारखं घुरघुरणं, लांबून ठिपकेदार तरसाची खालून वर चढत जाणारी हाक, झेब्र्याचं कुत्र्यासारखं भुंकणं. आणि बहुधा पहाटे तीन-चारच्या सुमाराला सिंह. तो सिनेमातल्यासारखा गर्जत नाही, खोल दम घेऊन कण्हल्यासारखा आवाज काढतो, मग छोटे छोटे हुंकार, एकापाठोपाठ एक, विरत जाणारे. शांत रात्री हा आवाज आठ किलोमीटरवरूनही ऐकू येतो, त्यामुळे तो अगदी बाहेर आहे असं वाटलं तरी बहुतेक वेळा नसतो. पक्क्या खोलीत, काचेच्या खिडकीआड, एसीच्या आवाजात यातलं अर्धंही पोहोचत नाही. माझ्या गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पहिल्या रात्री मला 'खोली बदलून द्या' म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला आले ते वही घेऊन: किती वाजता, कुठल्या दिशेने, कुणाचा आवाज. शेवटच्या रात्री सिंह ओरडला नाही तर त्याबद्दल त्यांनी अस्करीकडे तक्रार केली.

आता एजंटला उद्याच पत्र लिहा. कॅम्प नक्की कुठे आहे: अभयारण्यात, कॉन्झर्व्हन्सीत की दरवाज्याबाहेर? कुंपण आहे का? आईबाबांचा तंबू जेवणाच्या जागेपासून किती पावलांवर, पायऱ्या किती, आणि मुलीचा पलंग कुठल्या तंबूत? रात्री वीज किती वाजेपर्यंत, गरम पाणी केव्हा? अस्करी रात्रभर असतात का आणि बोलवायचं कसं? प्रवेशशुल्क दरात धरलंय का? गाडी लँड क्रूझर की व्हॅन? उत्तर नावनिशीवार, आकड्यांसकट आलं तर पैसे भरा. 'सगळं आहे हो, तुम्ही काळजी करू नका' असं आलं तर एजंट बदला.